हडकर मास्तरांचा कोंबडा

जूनमध्ये शाळा उघडली की भूगोलाच्या पहिल्या तासाला सीताराम हडकर मास्तर पुस्तक उघडत नसत. खडू हातात घेऊन ते वर्गाला विचारत, "तुम्हाला कशाची भीती वाटते? एकेकानं सांगा. हसायचं नाही. मलाही पुष्कळ गोष्टींची वाटते."

मुलं आधी एकमेकांकडे बघत. मग कुणी विजेची म्हणे, कुणी गावच्या खाडीची, कुणी सापाची. धरणीकंप कुणीच पाहिलेला नसे, पण त्याची भीती बऱ्याच जणांना असे. मास्तर ऐकत जात आणि फळ्याच्या चार कोपऱ्यांत लिहीत जात. वीज एका कोपऱ्यात, खाडी दुसऱ्या, धरणीकंप तिसऱ्या, साप चौथ्या. शेवटी त्या कोपऱ्यांना ते नावं देत. वातावरण, जलावरण, शिलावरण, जीवावरण.

"ही चार घरं," ते म्हणत. "आपण वर्षभर या घरांत चौकशी करायची. कोण येतं, कुठून येतं, कधी येतं आणि का येतं. चौकशी केल्यानं भीती जाते असं मी सांगणार नाही, माझी गेलेली नाही. पण ती कुठल्या दारानं येणार एवढं कळतं. याला प्राकृतिक भूगोल म्हणतात. लिहून घ्या."

छप्पन्न सालच्या जूनमध्ये मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "सर, पोलिसांची!" सगळा वर्ग हसला. मास्तरांचा खडू फळ्यावर थांबला. ते म्हणाले, "तो राजकीय भूगोल. तो माझ्याकडे नाही."

मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे. त्या वेळी मी शेजारच्या वर्गात होते आणि मधलं दार उघडं होतं. वर्ग का हसला ते मला कळलं आणि मास्तर का हसले नाहीत तेही. जानेवारीत जे झालं ते आमच्या चाळीत झालं होतं.

लालबागला मोठ्या रस्त्याच्या पश्चिमेला गोमाजीची चाळ होती. तीन मजले, मधे चौक, रस्त्याकडे एकच कमानीचा दरवाजा. दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. मास्तर तिसऱ्यावर, गच्चीच्या जिन्याला लागून असलेल्या खोलीत, एकटे. बायको-मुलं मालवणकडे. जमीन सोडून ती मुंबईला येईनात आणि पगार सोडून मास्तर तिकडे जाईनात.

उंच, किंचित वाकलेले, काळी टोपी, धोतर आणि डिसेंबरातही काखेत छत्री. रस्त्यानं चालताना ते भिंतीच्या कडेनं चालत. ट्राम लांब दिसली तरी ती जाईपर्यंत थांबत. लिफ्टमध्ये कधी चढले नाहीत. गणपतीत फटाका वाजला की टोपी धरत, जणू ती उडून जाणार आहे. अशा माणसाची चाळीत जेवढी चेष्टा व्हायची तेवढी होत असे आणि ते ती करू देत.

भीतीची सुरुवात कुठे झाली ते त्यांनी मला एकदा शाळेतून परतताना सांगितलं होतं. वडील खाडीवर तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवत. सात-आठ वर्षांचे असताना एका पौर्णिमेला दुपारी ते अंगणात खेळत होते आणि खाडीचं पाणी, न सांगता, न वाजता, माडांच्या मुळांतून वर आलं. शेजाऱ्यांचं वासरू दाव्यासकट गेलं. त्यांनी वडलांना विचारलं, पाणी का आलं? वडील म्हणाले, "दर्या मधीमधी बघूक येता, घरात कोण कोण आसा ता."

"त्यांनी गंमत केली असेल," मास्तर म्हणाले. "पण मी पाच वर्षं धड झोपलो नाही. मग मालवणच्या शाळेत एका गुरुजींनी दिवा, नारळ आणि लिंबू घेऊन चंद्र पाणी कसं ओढतो ते दाखवलं. वेळा काढायला शिकवलं. दर्या बघायला येत नाही, त्याला ओढून आणतात. त्या रात्री मी झोपलो, बाई. तेव्हाच ठरवलं की हाच विषय शिकवायचा."

पाणी मोजता आलं, आता वारा राहिला होता. तो मोजायला त्यांनी मुलांकडून वातकुक्कुट करून घेतला. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून कोंबडा, सायकलच्या छऱ्यांवर फिरणारा, आणि खाली आधाराला गिरणीतलं लाकडी बॉबिन. तो त्यांनी गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कठड्यावर बसवला. पुस्तकात वातकुक्कुट, चाळीत मास्तरांचा कोंबडा. मुलांना सुरुवातीला वाटे की वारा जिकडे जातो तिकडे कोंबडा बघतो. मास्तर न कंटाळता सांगत, "उलटं. वारा जिथून येतो तिकडे त्याची चोच. तो वाऱ्याला तोंड देतो."

"आणि आमचे मास्तर पाठ देतात," तळमजल्यावरचा रघु म्हणे. रघु गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होता. यंत्रांच्या आवाजानं कान किटतात म्हणून तो कानांत कापसाचे बोळे घालत असे, आणि सवयीनं ते सुट्टीच्या दिवशीही तिथेच असत. त्याला काही सांगायचं तर दोनदा सांगावं लागे.

चाळीनं त्या कोंबड्याचा आपापल्या परीनं उपयोग करून घेतला होता. सगळ्यांत जास्त राधाबाईंनी. राधाबाईंची तळमजल्यावर खाणावळ होती, रघुसारखे पंधरा-वीस गिरणीवाले तिथे जेवत. मास्तर मुंबईला नवीन आले तेव्हा त्यांना रात्री पथारी टाकायला जागा राधाबाईंनीच दिली होती, भांड्यांच्या फळीखाली. पुढे वर खोली मिळाली तरी ते जेवायला खालीच येत. भाची शांता भाकऱ्या थापायची आणि राधाबाई चुलीपाशी पाट घेऊन बसून सगळ्यांना बोलत असायच्या. त्यांना दमा होता. बोलता बोलता थांबायच्या, श्वास ओढायच्या आणि जिथे थांबल्या तिथूनच पुढे बोलायच्या.

"मास्तरानू, तुमचो कोंबो आज खंय बघता?"

"पूर्वेकडे, राधाबाई. मतलई वारा आहे, जमिनीवरून समुद्राकडे."

"म्हणजे गिरणीचो धूर माझ्या पापडांर नाय ना येवचो?"

"दुपारपर्यंत नाही. दुपारी वारा फिरेल, खारा येईल समुद्रावरून. तेव्हा पापड आत घ्या."

"दुपारी म्हणजे किती वाजता?"

"ते कोंबडा सांगेल. पुस्तकात नुसतं दुपार लिहिलंय."

हिवाळ्यात सकाळी सगळ्या खोल्यांच्या शेगड्या पेटल्या की धूर वर जायचा नाही. थंड हवेत तो चौकात उतरून बसायचा, गुडघाभर. मास्तर मुलांना कठड्यापाशी उभं करून दाखवत, "बघा, हा चौक म्हणजे दरी. जड हवा पाण्यासारखीच वागते, खाली जाते आणि खड्डा भरून काढते." मग ते गोटी घेऊन गॅलरीत सोडत आणि ती कुठल्या बाजूला घरंगळते यावरून चाळीचा उतार शोधायला लावत. आधी आपल्या खोलीचा नकाशा, मग चाळीचा, मग गल्लीचा. हिंदुस्थानचा नकाशा त्यांच्या वर्गात दिवाळीनंतर यायचा.

पंचावन्न साली दिवाळीनंतर नकाशा येणं अवघड झालं होतं. राज्यांच्या सीमा कुठे पडणार यावर रोज मोर्चे निघत होते, भिंती घोषणांनी भरल्या होत्या. एका मुलानं विचारलं, "सर, मुंबई कोणाची?" मास्तरांनी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे. "मुंबई काळ्या दगडाची," ते म्हणाले. "ज्वालामुखीतून आली, मग बराच काळ समुद्राची होती. परळ हे बेट होतं. आता तुम्ही बसलाय तिथून जवळच चिखल होता. पुढे चला." मुलांना हे उत्तर फार आवडलं. चाळीत दोन दिवस तेच चाललं होतं, नळावर कोणी भांडलं की तिसरा म्हणे, "नळ कोणाचा? काळ्या दगडाचा!"

जानेवारीत, संक्रांतीचा तिळगूळ डब्यांत अजून उरलेला असताना, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार अशी बातमी आली. त्यानंतर दिवस कसे गेले ते क्रमानं सांगता येणार नाही. गिरण्या बंद पडल्या. रस्त्यावर दगड, अश्रुधूर, मग गोळीबार, मग संचारबंदी. गोळीबारात माणसं मेली. रात्री गॅलरीत दिवा लावायला माणसं भिऊ लागली. आमच्या आईनं खिडकीला गोधडी लावली आणि आम्ही जमिनीवर झोपू लागलो, जशी सगळी चाळ झोपत होती.

मला सगळ्यांत विचित्र वाटलं ते आकाश. गिरणगावात जन्मल्यापासून मी धुराड्यांवर धूर पाहिलेला. आता ती सगळी धुराडी नुसती उभी होती आणि वर स्वच्छ निळं आकाश होतं. त्याचीच भीती वाटायची.

पोलीस गच्च्यांवर नजर ठेवून आहेत, गच्चीवरून दगड येतात म्हणून वर कोणी दिसलं की गोळी घालतात, अशी बातमी पसरली. चाळ कमिटीचे अण्णा तिसऱ्या मजल्यावर गेले.

"मास्तर, तो तुमचा कोंबडा उतरवा. फिरतो, चमकतो. उद्या पोलीस म्हणतील, इथून खुणा करतात."

"उतरवला," मास्तर म्हणाले.

"कधी?"

"परवाच. अंधार पडल्यावर." आणि त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. पंच्यात गुंडाळलेला कोंबडा तिथे होता, चोच तेवढी बाहेर.

अण्णांनी खाली येऊन हे सांगितलं तेव्हा भीतीतही लोक हसले. रघु म्हणाला, "कर्फ्यू आपल्याला आज लागला, कोंबड्याला परवाच लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या रस्त्यावर पुन्हा गडबड झाली. धावणाऱ्या पायांचे आवाज, शिट्ट्या, मग एकामागून एक अश्रुधुराची नळकांडी. वारा पूर्वेचा होता. रस्त्यावरचा धूर कमानीतून सरळ चाळीत शिरला आणि शेगड्यांचा धूर बसतो तसा चौकात उतरून बसला. आमच्या दुसऱ्या मजल्यावर डोळे चुरचुरत होते. खाली काय असेल ते ओरडण्यावरून कळत होतं.

अण्णा मोठ्यानं सांगत होते, "दारं लावा! फटीत ओले कपडे कोंबा! कोणी बाहेर येऊ नका!" ते चुकीचं नव्हतं, पण तोवर धूर खोल्यांत गेला होता. दारं लागली ती त्याला आत घेऊनच. राधाबाईंच्या खोलीत तर शेगडी पेटलेली होती. दमा उठला की त्या ओव्याची धुरी घ्यायच्या, म्हणून घाबरलेल्या शांतानं दार बंद करून निखाऱ्यांवर ओवा टाकला होता.

मी खाली पोचले तेव्हा मास्तर माझ्या आधी तिथे आले होते. नाकाला ओला पंचा, डोळ्यांतून पाणी. त्यांना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"शेगडी! शेगडी भायर काढ, शांता!" भीती वाटली की मास्तरांची पुस्तकी भाषा गळून पडायची.

राधाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात जमिनीवर रोवलेले, खांदे वर, तोंड उघडं. श्वास आत जायचा तो शिट्टीसारखा वाजत होता आणि बाहेर यायला त्याला वाट नव्हती. त्या बोलत नव्हत्या. राधाबाई बोलत नाहीत हे बघून मला पहिल्यांदा कळलं की त्या मरू शकतात. डॉक्टर रस्त्यापलीकडे राहत होते, पण तो रस्ता त्या दिवशी ओलांडण्यासारखा नव्हता.

"मागच्या मोरीकडे नेऊया," अण्णा म्हणाले. "तिकडे जरा मोकळं आहे."

"मोरी चौकापेक्षाही खाली आहे," मास्तर म्हणाले. "पावसाचं पाणी तिकडेच जातं ना? मग हेही तिकडेच जाणार. वर न्यायला हवं. गच्चीवर."

रघुला ऐकू गेलं नसावं, तो म्हणाला, "कुठे?"

"गच्चीवर!" अण्णा ओरडले. "मास्तर, शुद्धीवर आहात ना? काल पलीकडच्या चाळीच्या कठड्याला गोळी लागलीय. आणि वर हा धूर नसेल कशावरून?"

"वारा अजून रस्त्याकडूनच असेल तर वरही असेल. थोडा असेल, पण यांना तेवढाही नको. वारा फिरला असेल तर वर चांगली हवा आहे."

"मग फिरला असेलच. तुमच्या पुस्तकात दुपारी फिरतो म्हणता, दुपार होत आलीच."

मास्तरांनी मान हलवली. "अण्णा, जानेवारीत तो कधी अकराला फिरतो, कधी दोन वाजवतो. तीन मजले वर चढवल्यावर चूक झाली तर त्यांना परत खाली आणता येणार नाही. बघितल्याशिवाय नाही."

"मग बघा. धुराड्याचा धूर बघा..." अण्णा बोलता बोलता थांबले. एकाही धुराड्याला धूर नव्हता. कोंबडा पलंगाखाली होता. दोरीवर कपडा नव्हता, संचारबंदीत गच्चीवर कपडे कोण वाळत घालणार? रोज शंभर गोष्टी आम्हाला वारा दाखवत असत. त्या आम्हीच, एकेक करून, भीतीपायी आत घेतल्या होत्या.

मास्तर रघुकडे वळले.

"रघु, कान."

"काय?"

"कानातलो कापूस दी!"

"आता माझे कान कशाला, मास्तर?"

"कान नको रे बाबा, कापूस!"

रघुनं दोन्ही बोळे काढून त्यांच्या हातावर ठेवले. "मी हाक मारली की खुर्चीत बसवून आणा. तोवर जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत या, हळूहळू," असं सांगून मास्तर वर गेले. त्यांच्यामागे मी गेले. एवढ्या भित्र्या माणसाला एकट्यानं जाऊ देणं मला जमलं नाही.

गच्चीच्या दारापाशी ते थांबले. कडी काढली. "सरोजिनीबाई, तुम्ही इथेच बसा, उंबऱ्याच्या आत. माका काय झाला तर..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. टोपी काढून माझ्याकडे दिली आणि गुडघ्यांवर बसून, रांगत, गच्चीवर गेले.

ऊन लख्ख होतं. इतकी शांतता की रस्त्यावरच्या बुटांचा आवाज वर येत होता. मास्तर कोंबड्याच्या जागेपर्यंत गेले. रिकामं बॉबिन तिथे अजून होतं. कापसाचा एक पुंजका तोडून त्यांनी हात कठड्याच्या वर नेला, फक्त हात, आणि सोडला.

पुंजका सरळ खाली पडला.

त्यांनी दुसरा सोडला. तोही पडला, त्यांच्या मांडीवर. मास्तरांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"मतलई थांबलाय," ते हळू म्हणाले. "खारा आलेला नाही. दोन्हींच्या मधे असं होतं. मुलांना मी शिकवतो हे."

"किती वेळ असं राहतं?"

"ठरलेलं नसतं."

खालून, जिन्यातून, राधाबाईंच्या श्वासाची शिट्टी ऐकू येऊ लागली होती. रघु आणि आणखी दोघे त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यापर्यंत आले होते. रघु ओरडला, "मास्तर! आणू का?"

"नाय!"

"अहो, बाई निळ्या पडतायत!"

"नाय म्हटलंय ना! थांब!"

आयुष्यात त्यांनी कोणावर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. तो रस्त्यावरही गेला असावा. खालचे बूट थांबले. मास्तर पाठीवर आडवे झाले, कठड्याच्या आडोशाला, आणि छातीवर कापूस धरून आकाशाकडे बघत राहिले. त्या निळ्या आकाशात एक ढगही नव्हता जो सरकताना दिसावा. त्यांच्या दातांचा आवाज मला दारापर्यंत येत होता. मी त्यांची टोपी दोन्ही हातांत धरून बसले होते आणि शाळेत शिकवलेली एकही कविता मला आठवत नव्हती.

त्यांनी आणखी एक पुंजका सोडला. पडला. आता चिमूटभर कापूस उरला होता. तो त्यांनी पुन्हा पिंजला, नखांनी, अगदी हलका होईपर्यंत, आणि मग हात वर केला. हाताची उंची पुरत नव्हती, कठड्याच्या आडोशाला वारा असला तरी कळला नसता. मास्तर आधी गुडघ्यांवर आले आणि नंतर उभे राहिले. पूर्ण उंचीचे, न वाकलेले. तसं उभं राहिलेलं मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

कापूस हातातून सुटला. क्षणभर तिथेच राहिला, मग पूर्वेकडे निघाला, रस्त्याकडे, आधी हळू आणि मग कोणी बोलावल्यासारखा.

"ए! वर कोण आहे?" रस्त्यावरून आवाज आला. "हात वर! वर कर हात!"

मास्तरांचे हात वरच होते. "मास्तर!" ते ओरडले. "मी भूगोलाचो मास्तर! बाय आजारी आसा, दम्याची! हवा बघतंय!"

"कसली हवा?"

"समुद्राची!"

खाली कोणीतरी काहीतरी बोललं, कोणी हसलं की शिवी दिली ते कळलं नाही. तो वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. मग तोच आवाज आला, "बाईला टाकीच्या मागे ठेवा. कठड्यापाशी परत डोकं दिसलं तर बघा!"

मास्तर उभे होते तसेच खाली बसले. "आण, रघु," ते म्हणाले, पण आवाज फुटला नाही. मग मी हाक मारली.

राधाबाईंना पाण्याच्या टाकीमागे, सावलीत बसवलं. शांतानं पाठ चोळली. वारा आता अंगाला कळत होता, खारट, जरा थंड. चौकातला धूर हळूहळू कमानीतून, आला होता त्याच वाटेनं, रस्त्याकडे परत निघाला. राधाबाईंची शिट्टी कमी व्हायला बराच वेळ लागला. आम्ही सगळे त्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो, आणि प्रत्येक श्वासानंतर पुढचा येतो की नाही याची वाट बघत होतो. कानात कापूस नसल्यानं असेल, रघु सगळ्यांत घाबरलेला दिसत होता.

शेवटी राधाबाईंनी डोळे उघडले. समोर मास्तर बसले होते, बोडके, धोतर मातीनं भरलेलं.

"दर्याचो वास इलो," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, श्वास घेतला आणि जिथे थांबल्या तिथूनच पुढे म्हणाल्या, "मास्तरानू, तुमची टोपी खंय?"

मी टोपी मास्तरांना दिली. एवढी चुरगळली होती की ती घालून ते आणखीच विचित्र दिसू लागले.

संध्याकाळी थोड्या वेळापुरती संचारबंदी उठली. चाळीतली माणसं पिशव्या घेऊन दूध, भाजी, मिळेल ते आणायला पळाली. मास्तरांनी पलंगाखालून कोंबडा काढला, पंचा सोडला आणि वर निघाले. खिळे माझ्या हातात दिले.

"आता कशाला?" मी विचारलं. "पोलीस अजून रस्त्यावर आहेत."

"आहेत," ते म्हणाले. "पण उद्या परत झालं तर? दर वेळी रघुच्या कानात कापूस असेलच असं नाही. आणि माझ्यानं पुन्हा उभं राहवणार नाही, बाई. कोंबडाच उभा राहिलेला बरा."

दिवेलागणीची वेळ होती. खारा वारा पडला होता आणि जमिनीवरचा अजून सुटला नव्हता, पानही हलत नव्हतं. मास्तर स्टुलावर चढून बॉबिनवर कोंबडा बसवत होते आणि कोंबडा सारखा डावीकडे-उजवीकडे फिरत होता.

चौकातून अण्णांनी वर बघितलं. "काय हो मास्तर, वारा सुटला वाटतं? कुठला आहे?"

"वारा नाही, अण्णा," मास्तर वरून म्हणाले. "तो मी आहे."

खिळा बसला. त्यांनी हात काढून घेतला तसा कोंबडा थांबला. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. अंधार पडू लागला होता. थोड्या वेळानं पत्रा किंचित कुरकुरला, कोंबडा हलला आणि सावकाश पूर्वेकडे वळून रस्त्याकडे चोच करून उभा राहिला.

मास्तर घाईनं स्टुलावरून उतरले. "रघु!" त्यांनी चौकात हाक मारली. "राधाबाईंची वळकटी माझ्या खोलीत आण. आज रात्री त्या वर झोपतील. मी खाली झोपेन."

ती अदलाबदल पुढे तशीच राहिली. खाणावळ शांता सांभाळू लागली आणि राधाबाई तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून खाली फारशा उतरल्या नाहीत. मास्तर पुन्हा त्याच भांड्यांच्या फळीखाली पथारी टाकू लागले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात दोनदा तळमजल्यात पाणी शिरलं, न सांगता, न वाजता. खाडीच्या पाण्याला भिणारा तो माणूस भरतीच्या वेळा पाठ म्हणत, पथारी कट्ट्यावर चढवून, पाय वर घेऊन बसून राहिला. पण खोली त्यांनी परत मागितली नाही.

सकाळी शाळेला निघताना मी जिन्यावर असले की वरून राधाबाईंचा आवाज ऐकू यायचा. एका हातानं कठडा धरून, मधे श्वासासाठी थांबत, त्या तीन मजले खाली ओरडून सांगायच्या,

"मास्तरानू! तुमचो कोंबो... रस्त्याकडे बघता! दार लावून घेवा!"

आणि खालून दाराची कडी लागल्याचा आवाज यायचा.